सुट्टीत नववीची बॅच लावू, की आठवीचंच विज्ञान पुन्हा घेऊ?

पत्र

माझी मुलगी आठवी पास होऊन आता नववीत जाईल. सेमी इंग्रजीला आहे. विज्ञानात गुण वाईट नाहीत, व्याख्या घडाघड म्हणते. पण परवा आजीने सहज विचारलं, माठातलं पाणी गार का होतं गं? तर म्हणाली, ‘मातीत गारवा असतो.’ बाष्पीभवनाची व्याख्या मात्र तोंडपाठ! क्लासवाले म्हणतात, सुट्टीत नववीची बॅच लावा, गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा आधीच उरकून जाईल. मला वाटतं, द्रव्य, ऊर्जा, बल हे सहावी ते आठवीचं एकदा नीट पक्कं करावं. पण मी कॉमर्सची. दहावीनंतर विज्ञानाशी संबंध आला नाही. मी घरी काय घेणार? आणि नववीचं पुस्तक आत्ताच आणून ठेवू का?
— एक आई, बार्शी

उत्तर

ताई,

बॅच लावू नका. मैत्रिणी जातात म्हणून तिलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण विज्ञान पक्कं व्हावं म्हणून पैसे भरणार असाल, तर ते वाचवा.

कारण सांगते. नववीत बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण हे सूत्र येतं. ते पाठ करून, आकडे घालून उदाहरणं सुटतात आणि गुणही मिळतात. पण ‘चालत्या वस्तूच्या आत बल भरलेलं असतं आणि ते संपलं की वस्तू थांबते’ अशी समजूत डोक्यात असेल, तर ती या सूत्राला धक्का न लावता शेजारीच सुखाने नांदते. थेट अकरावीत ती बाहेर पडते, आणि मग घरचे म्हणतात, दहावीला एवढे गुण होते, आता काय झालं हिला? काही झालेलं नसतं. जे होतं तेच आहे.

म्हणून तुमचा विचार बरोबर. फक्त उजळणी म्हणजे पहिल्या धड्यापासून व्याख्या पुन्हा म्हणवून घेणं नव्हे. व्याख्या तिला येतातच. तिच्या मनात जी स्वतःची उत्तरं आहेत ती आधी बाहेर काढायची आणि मग ती खरी ठरतात का ते तिनेच पाहायचं. पद्धत साधी आहे: आधी अंदाज वहीत लिहायचा, ‘कारण’ हा शब्द लिहून कारणही द्यायचं, मग करून बघायचं आणि शेवटी पुस्तक उघडायचं. हा क्रम मोडू नका. अंदाज लिहिला नाही तर करून बघितल्यावर प्रत्येक मूल म्हणतं, ‘हे मला माहीतच होतं.’

आणि तुम्ही कॉमर्सच्या आहात हे इथे चांगलंच आहे. विज्ञानवाले पालक मधेच उत्तर सांगून मोकळे होतात. तुम्हाला ते जमणार नाही, त्यामुळे तुम्ही खरोखर विचाराल, ‘पण असं का?’

सुरुवात माठापासूनच करा. ‘मातीत गारवा असतो’ हे मला वाईट उत्तर वाटत नाही. ते तिचं स्वतःचं आहे आणि तपासता येतं. मातीतच गारवा असेल तर माठावर प्लास्टिक गुंडाळलं तरी पाणी गार व्हायला हवं, नाही का? दोन सारखी मातीची भांडी घ्या. संक्रांतीची सुगडं उरली असतील तर तीही चालतील. बाहेरून रंग लावलेली नकोत. दोन्हींत सारखंच पाणी भरा. एकाला बाहेरून दुधाच्या रिकाम्या पिशवीचं प्लास्टिक घट्ट गुंडाळा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही सावलीत, वारा लागेल अशा जागी तीन-चार तास राहू द्या आणि मग तापमान घ्या. बार्शीचा उन्हाळा कोरडा असल्याने फरक ठळक दिसेल.

तापमापी तापाची वापरू नका. ती ३५ अंशांच्या खाली दाखवत नाही आणि गरम पाण्यात घातली तर बिघडते. शालेय साहित्याच्या दुकानात प्रयोगशाळेची साधी तापमापी मिळते, लाल द्रवाची, उणे दहा ते ११० अंशांची. पाऱ्याची घेऊ नका.

फरक दिसला की मग पुस्तकातलं चित्र काढायचं. पाणी म्हणजे एकसारखे हलणारे कण. काही संथ, काही जोरात. भांड्याच्या छिद्रांतून झिरपून बाहेर आलेल्या पाण्यातले जास्त ऊर्जेचे कण हवेत निसटतात. मागे उरतात ते सरासरीने कमी ऊर्जेचे, आणि तापमान म्हणजे या सरासरीचंच माप. इथे आकडा घाला, कारण आकड्याशिवाय हे सगळं गोष्टीसारखं वाटतं. उकळत्या पाण्याची एक ग्रॅम वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. साध्या तापमानाला तर थोड्या जास्तच. एक ग्रॅम पाणी एक अंशाने गार करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते. म्हणजे माठातून एक ग्रॅम पाणी उडालं आणि ती सगळी उष्णता आतल्या पाण्यातूनच गेली, तर १०० ग्रॅम पाणी पाच अंशांहून जास्त गार होईल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते, म्हणून फरक कमी पडतो. हिशेब तिला करू द्या. मग विचारा, हाच माठ मे महिन्यात रत्नागिरीला नेला तर? तिथल्या दमट हवेत तो इतका गार का करत नाही, हे तिला स्वतःहून सांगता आलं, तर बाष्पीभवन झालं. व्याख्या म्हणून घेऊ नका.

कणांचं हे चित्र एकदा बसलं की द्रव्याचा अर्धा भाग आपोआप सरळ होतो, म्हणून या विषयावर घाई नको. दोन-तीन प्रश्न मी हमखास विचारते. उकळत्या पाण्यातल्या मोठ्या बुडबुड्यांत काय असतं? बहुतेक मुलं ‘हवा’ म्हणतात. हुशार मुलं ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ म्हणतात, आणि ती चूक जास्त गंभीर आहे, कारण पाणी उकळलं की ते फुटतं असा तिचा अर्थ होतो. आत पाण्याचीच वाफ असते. कण तेच, फक्त लांब लांब गेलेले. दुसरा प्रश्न: फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून पाणी कुठून आलं? ‘झिरपलं’ म्हणाली तर तांब्यात पाण्याऐवजी रंगीत सरबत घालून ठेवा आणि बाहेरचं पाणी बोटाने चाखायला सांगा. तिसरा: वीस ग्रॅम साखर दोनशे ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळली, तर वजनकाटा किती दाखवेल? घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. ‘दोनशे’ म्हणणारी मुलं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त निघतात.

सुई काढलेली नवी सिरिंज औषधाच्या दुकानातून आणा. टोक बोटाने दाबून धरून एकदा हवा दाबायची, एकदा पाणी. वायूच्या कणांत जागा असते, द्रवाच्या कणांत जवळपास नसते, हे हाताला कळतं. यावर भाषण देऊ नका.

तापमापी हातात आहे तोवर गॅसपाशी एक काम उरकून घ्या, तुम्ही शेजारी उभं राहून. पातेल्यात पाणी उकळायला ठेवा आणि दर मिनिटाला तापमान वहीत लिहायला सांगा. आधीचा प्रश्न: उकळी फुटल्यावर गॅस मोठा केला तर तापमान वाढेल? बहुतेक मुलं ‘हो’ म्हणतात. आकडा मात्र एका जागी अडकून बसेल, आणि तोही १०० वर नव्हे, ९८ च्या आसपास. तापमापी बिघडली असं तिला वाटेल. स्वस्त तापमाप्यांत एखाद्या अंशाची गडबड असतेही. पण बार्शी समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो आणि पाणी साधारण दर ३०० मीटरला एक अंश आधी उकळतं. महाबळेश्वरला, सुमारे साडेतेराशे मीटरवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळेल. कुकरमध्ये उलटं होतं. वाफ कोंडून दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. उघड्या पातेल्यात मात्र उकळी आल्यावर गॅस मोठा ठेवून डाळ लवकर शिजत नाही, नुसतं पाणी आटतं. हे मी कित्येक घरांत सांगून पाहिलं आहे. आज्या मानत नाहीत. तुमच्याकडच्या आजींना तापमापी दाखवा.

इथून ऊर्जेकडे वळणं सोपं आहे. तापमान चढत नाही, पण गॅस तर जळतोय. मग ती उष्णता गेली कुठे? कण एकमेकांपासून सोडवण्यात. हीच अप्रकट उष्मा. उष्णता आणि तापमान वेगळे का, हे एवढ्यात समजतं. तरी शंका असेल तर स्टीलचं ताट आणि लाकडी पोळपाट रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी हात लावायला सांगा. ताट गार लागेल, पण दोन्हींचं तापमान एकच. हातातली उष्णता स्टील भराभर ओढून घेतं, लाकूड नाही.

ऊर्जेच्या प्रकारांची यादी मला फारशी आवडत नाही. गतिज, स्थितिज, रासायनिक, विद्युत अशी नावं मुलं म्हणतात आणि ऊर्जा ही एकच, मोजता येणारी राशी आहे हे निसटतं. म्हणून यादी सोडा, हिशेब करा. तुम्ही कॉमर्सच्या, खतावणी तुम्हाला कळते. एका खात्यातून गेलेलं दुसऱ्या खात्यात सापडलंच पाहिजे. ‘ऊर्जा संपली’ असं तिने म्हटलं की विचारा, कुठे जमा झाली?

एक उदाहरण बाजूला बसून सोडवा. एक लीटर पाणी २८ अंशांवरून ९८ अंशांपर्यंत तापवायचं. त्याला किती ऊर्जा लागेल, आणि तेवढ्या ऊर्जेत ५० किलोच्या माणसाला किती उंच नेता येईल? आधी अंदाज. एक मजला? पाच मजले? आता आकडे. एक किलो पाणी, ७० अंश, दर किलोला दर अंशाला ४२०० ज्यूल. गुणाकार २,९४,००० ज्यूल. ५० किलोवर पृथ्वीचं ओढणं ५० गुणिले ९.८, म्हणजे ४९० न्यूटन. भागाकार करा, ६०० मीटर येतात! सिंहगडाची पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण साधारण एवढीच आहे. पाण्याचं एक पातेलं आणि एक गड. अर्थात चढताना शरीर याच्या चौपट वगैरे ऊर्जा खर्च करतं, कारण बरीचशी उष्णता होऊन अंगातून निघून जाते. आणि गॅसची तरी सगळी कुठे पातेल्यात जाते? पण उष्णता हे केवढं मोठं खातं आहे, हे या एका भागाकारात जितकं दिसतं तितकं कुठल्या यादीत दिसत नाही.

विजेचं मीटर असंच कामाला लावता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि किती लुकलुक झाली की एक युनिट हे बहुतेक मीटरवर छापलेलं असतं. सगळं बंद करून फक्त पंखा चालू ठेवा, एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मग फक्त इस्त्री. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. नववीत ‘शक्ती’ येईल तेव्हा तिच्याकडे स्वतःचे आकडे असतील. ही वीज येते कुठून हा प्रश्न आलाच तर कोयना सांगा: सह्याद्रीवर अडवलेलं पाणी साडेचारशे मीटरांहून जास्त खाली पश्चिमेला सोडायचं, आणि त्या स्थितिज ऊर्जेतून एकूण १९६० मेगावॅट क्षमतेची जनित्रं फिरवायची.

आता बल. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण नववी इथूनच सुरू होते आणि गोंधळही इथेच सगळ्यात खोल आहे.

कॅरम काढा. पावडर न टाकता स्ट्रायकर हलकेच सरकवा. आता वहीत चित्र: स्ट्रायकर बोटापासून सुटला आहे आणि बोर्डाच्या मध्यावर आहे, त्याच्यावर कोणकोणती बलं आहेत, बाण काढ. ती जवळपास नक्की पुढे जाणारा एक बाण काढेल आणि म्हणेल, ‘हे मारलेलं बल.’ खोडू नका. विचारा, हे बल कोण लावतंय? बल म्हटलं की लावणारं कुणीतरी हवं. पृथ्वी खाली ओढते, बोर्ड वर ढकलतो, बोर्डाचं घर्षण मागे खेचतं. पुढे ढकलणारं कोण? बोट तर मागे राहिलं. ती अडकेल. अडकू द्या, हीच जागा महत्त्वाची. मग पावडर टाका आणि तितक्याच जोराने मारा. स्ट्रायकर लांब गेला, म्हणजे त्यात जास्त बल भरलं का? नाही, थांबवणारं कमी झालं. आणखी गुळगुळीत केलं तर? अजून लांब. घर्षण नसतंच तर? हा शेवटचा प्रश्न करून बघता येत नाही, तो डोक्यातच चालवावा लागतो. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून असाच विचार पुढे नेला, आणि न्यूटनने १६८७ साली तो पहिला नियम म्हणून मांडला. त्याआधी जवळजवळ दोन हजार वर्षं ॲरिस्टॉटलचं म्हणणं चालत होतं: ढकलणं थांबलं की हलणं थांबतं. तुमच्या लेकीला हेच वाटतं तर ती काही कच्ची नाही.

ती वाद घालेल. ‘मग सायकल? पेडल थांबवलं की थांबतेच ना?’ घालू द्या वाद. पेडल मारताना तुमचं बल घर्षण आणि वाऱ्याच्या विरोधाशी बरोबरी करतं, म्हणून सायकल एकसारख्या वेगाने जाते. ही संतुलित बलं. पेडल थांबलं की विरोध तेवढा उरतो. मग लगेच दुसरा प्रश्न: चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला, क्षणभर थांबतो तिथे, त्याच्यावर बल किती? ‘शून्य’ म्हणाली तर एवढंच विचारा: मग तो तिथेच लटकत का राहत नाही? वेग शून्य असणं आणि बल शून्य असणं या दोन गोष्टी या प्रश्नाने वेगळ्या झाल्या की न्यूटनचा दुसरा नियम शिकवणाऱ्याचं निम्मं काम झालं.

तिसऱ्या नियमात एकच लक्षात ठेवा: क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून त्या एकमेकींना रद्द करत नाहीत. बाकीचं शाळेत होईल. दाबाचंही फार ताणू नका. सुरीची धार, दप्तराचे रुंद पट्टे एवढं पुरे.

वस्तुमान, वजन, घनता आणि प्लावक बल मात्र एकाच प्रयोगात बसतात. प्रवासाचं सामान मोजायचा लटकता काटा कुणाकडून तरी मागून आणा. त्याला दोरीने काळा दगड टांगा. समजा ८७० ग्रॅम दिसले. आता दगड बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा ५७० वर आला. दगड कमी झाला का? वस्तुमान तेच, पृथ्वीची ओढही तीच; पाणी खालून वर ढकलतंय म्हणून काट्यावरचा ताण कमी झाला. कमी झालेले ३०० ग्रॅम म्हणजे दगडाने बाजूला सारलेलं पाणी, आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर. दगडाचं आकारमान ३०० आलं. ८७० भागिले ३००, घनता २.९. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची घनता याच्या आसपास येते. आर्किमिडीजला सोडून दिलंत तरी चालेल, तो परीक्षेत येतोच.

एक कंटाळवाणी गोष्ट मात्र टाळू नका: एककं. नववीत मुलांचे गुण विज्ञानात कमी आणि एककांत जास्त जातात. ताशी ५४ किलोमीटरने जाणारी एसटी सेकंदाला किती मीटर जाते? १५. अशी रूपांतरं रोज दोन, जेवणाआधी तोंडी.

वेळ फार लागत नाही. एक दिवसाआड पाऊण तास, एका वेळी एकच प्रश्न. तुम्हा दोघींनाही जे सुटलं नाही, ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि जूनमध्ये शाळेतल्या सरांना किंवा बाईंना विचारा. चांगल्या शिक्षकाला असे प्रश्न आवडतात. व्हिडिओ बघायचेच तर अंदाज लिहून झाल्यावर. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली विज्ञान-खेळणी मोफत पाहायला मिळतात, ती मी आधी सुचवेन.

नववीच्या पुस्तकाचं विचारलंत. आणून ठेवायला हरकत नाही. विकत घ्यायचं नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतं, आणि जुनी आठवीची, सातवीची पुस्तकं रद्दीत दिली असतील तर तीही तिथून घ्या, ती जास्त लागतील. नववीचं पुस्तक सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात उघडा, आणि त्यातही बल-गतीचा आणि कार्य-ऊर्जेचा, एवढे दोनच धडे. वाचताना तिच्या हातात पेन्सिल असू दे. आपल्या वहीतला अंदाज जिथे पुस्तकाशी जुळत नाही, तिथे समासात खूण करायची. त्या खुणा घेऊन ती पहिल्या दिवशी वर्गात बसू दे.